अल्ट्रा-वाइड झूमचे कोपरे धूसर येतात: लेन्स परत करण्याआधी काय तपासायचं

तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेरा बॉडीवर लावायला १०-१८, १०-२० किंवा १०-२२ मिमी अशी एखादी लेन्स नवी घेतलेली असते, पहिला ट्रेक झालेला असतो. घरी येऊन फोटो मॉनिटरवर शंभर टक्के मोठा करून पाहिला, तर मधला भाग खणखणीत आणि कोपऱ्यांतली पानं माखल्यासारखी. मग प्रश्न: "माझ्या वाट्याला खराब पीस आला का?"

कधीकधी आलेला असतो. पण बहुतेक वेळा तसं नसतं, आणि लेन्स बदलून आणली तरी पुढच्या ट्रेकला तेच होतं. म्हणून उलट प्रश्न विचारावा लागतो: त्या कोपऱ्यात नेमकं काय होतं, आणि ते कॅमेऱ्यापासून किती अंतरावर होतं? याचं उत्तर मिळेपर्यंत लेन्सबद्दल बोलण्यात काही अर्थ नाही. नुसते धूसर कोपरे ही एक तक्रार नव्हे, चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी त्या एकाच नावाखाली येतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो.

उदाहरणाला कॅननची ईएफ-एस १०-१८ मिमी एसटीएम घेतो. २०१४ साली आलेली, २४० ग्रॅमची, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांच्या बॅगेत असलेली. आकडे तिचे आणि २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरचे आहेत. निकॉन, सोनी, सिग्मा किंवा टोकिना असेल तर थोडे हलतील, पण तपासण्याची पद्धत बदलणार नाही.

खालचे दोन्ही कोपरे धूसर, वरचे ठीक

हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार, आणि यात लेन्स निर्दोष असते.

समजा कास पठारावर सप्टेंबरात फुलं पुढे घेऊन मागे ढगांचा फोटो काढताय. ट्रायपॉड बसका, कॅमेरा जमिनीपासून ४० सेंमीवर. आडव्या फ्रेममध्ये १० मिमीवर उभ्या दिशेने सुमारे ७३ अंश मावतात. म्हणजे कॅमेरा अगदी समतल धरला तरी फ्रेमची खालची कड जमिनीला अवघ्या ५४ सेंमीवर भेटते. फुलं जमिनीच्या वर असतात, त्यामुळे ती त्याहूनही जवळ. कॅमेरा जरा खाली झुकवला की अंतर आणखी घटलं. हीच फ्रेम उभं राहून, दीड मीटर उंचीवरून घेतली तर खालची कड दोन मीटरवर जाते आणि प्रश्न जवळपास मिटतो. पण मग फुलं एवढीशी दिसतात आणि फोटोत दम राहत नाही, हेही खरं.

इथे लोक हायपरफोकलचं ॲप काढतात, म्हणजे अनंतापर्यंत सगळं स्पष्ट यायला कुठे फोकस करायचा ते सांगणारं. १० मिमी आणि एफ/८ (ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो मोठा तितकं छिद्र बारीक) टाकलं की उत्तर येतं साधारण ६७ सेंमी: तिथे फोकस करा, ३३ सेंमीपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येईल. आकडा खोटा नाही, पण त्याच्या पोटात एक अट आहे. एपीएस-सीसाठी ॲप साधारण ०.०१९ मिमीपर्यंत पसरलेला ठिपका 'स्पष्ट' धरतं. ही अट हातात धरून बघायच्या लहान प्रिंटसाठी ठरलेली आहे. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ०.००३७ मिमीचा असतो. म्हणजे पाच पिक्सेलांवर पसरलेला ठिपकाही ॲपच्या लेखी शार्प. तुम्ही मात्र शंभर टक्क्यांवर बघताय. शिवाय त्या अंतरावर फोकस केला तर मागचे डोंगरही त्याच पाच पिक्सेलांच्या काठावर येऊन बसतात. पुढचं बिघडलं आणि मागचंही, असा हा सौदा.

मी एफ/११ ठेवतो आणि फोकस मीटर-सव्वामीटरवर. वरच्या उदाहरणात त्याने ५४ सेंमीपासून अनंतापर्यंतचं सगळं दोन-सव्वादोन पिक्सेलांच्या पसाऱ्यात बसतं. एवढ्यावर भागत नसेल तर दोन फोटो घ्या, एक फुलांवर फोकस करून आणि एक डोंगरावर, आणि नंतर जोडा. पठारावर वारा असेल तर तेही जमत नाही. मग ट्रायपॉड वर घ्या.

एफ/२२ वर मात्र जाऊ नका. 'जितकं छिद्र बारीक तितकं सगळं शार्प' ही समजूत फार चिवट आहे. एफ/२२ वर डिफ्रॅक्शनमुळेच (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) प्रत्येक ठिपका ०.०३ मिमीच्या आसपास पसरतो, म्हणजे आठ पिक्सेल, तोही मध्यासकट संपूर्ण फ्रेममध्ये. एफ/११ वर तो याच्या निम्मा असतो आणि थोडं शार्पनिंग दिलं की सावरतो.

आता मीटरभरावर फोकस करायचा कसा? या लेन्सवर अंतराची पट्टीच नाही. सोपा मार्ग म्हणजे सॅक मीटरभर पुढे ठेवा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर) तिच्या पट्ट्यावर दहापट मोठं करून फोकस करा, एमएफ (मॅन्युअल फोकस) करा, सॅक उचला. त्यानंतर झूम रिंगला हात लावायचा नाही. बहुतेक झूम लेन्समध्ये फोकल लेंग्थ बदलली की फोकसही सरकतो. १८ वर फोकस करून १० वर आलात तर केलेलं काम वाया गेलं असंच समजा.

कोपरा हलला का?

धूसर आणि हललेलं यांतला फरक शंभर टक्क्यांवर थोडं थांबून पाहिलं तर कळतो. धूसर पान सगळ्या बाजूंनी सारखं पसरतं. हललेल्या पानाला दिशा असते.

यातला वारा ओळखायला सोपा. खालच्या कोपऱ्यातलं गवत कॅमेऱ्याला सगळ्यांत जवळ असतं, त्यामुळे तेवढ्याच झुळकीने ते सेन्सरवर जास्त अंतर कापतं. शटर १/१२५ सेकंदाहून वेगवान ठेवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल.

दुसरं कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शटरचं बटण बॉडीच्या उजव्या टोकाला असतं. ते झटक्यात दाबलं की कॅमेरा लेन्सच्या अक्षाभोवती किंचित गोल फिरतो. अशा फिरण्यात मध्यबिंदू जागेवरच राहतो आणि कोपरे सर्वांत जास्त सरकतात. फोटो बघणाऱ्याला वाटतं की मध्य इतका शार्प आहे म्हणजे हात हललेला नाही, मग दोष लेन्सचाच. खूण अशी, की चारही कोपऱ्यांतल्या रेघा मध्याभोवतीच्या वर्तुळाच्या दिशेने ओढलेल्या असतात. वाइड लेन्सला कमी शटर चालतो म्हणून लेण्यांमध्ये १/८ किंवा १/१० वर हातात धरून काढलेल्या फोटोंत हे हमखास दिसतं. लेन्समधलं आयएस (हादरे सावरणारी यंत्रणा) वर-खाली आणि डावी-उजवीकडचं हलणं सावरतं, हे गोल फिरणं नाही. ते सेन्सर हलवणारं पंचअक्षी स्टॅबिलायझेशन सावरू शकतं. ते नसेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोट बाजूला होतं.

मध्य अनंतावर, कोपरे दुसऱ्याच अंतरावर

आता जरा खोल मुद्दा. आपण धरून चालतो की फोकसचं प्रतल काचेच्या तावदानासारखं सपाट, सेन्सरला समांतर असतं. अल्ट्रा-वाइड झूममध्ये ते क्वचितच तसं असतं. ते वाकलेलं असतं: कधी कडा कॅमेऱ्याकडे येतात, कधी मागे जातात, कधी मधेच पुढे येऊन टोकाला परत मागे. याला फील्ड कर्व्हेचर म्हणतात. त्यामुळे मध्यावर लांबच्या डोंगराचा फोकस अचूक असला तरी कोपऱ्यातला तोच डोंगर सॉफ्ट येऊ शकतो, कारण कोपऱ्याचा फोकस त्या वेळी कुठेतरी जवळ असतो.

हे आपल्या लेन्समध्ये कसं आहे ते पाहायला पैसे लागत नाहीत. सकाळी एखाद्या गवताच्या मैदानावर जा. ट्रायपॉड छातीच्या उंचीला, कॅमेरा थोडा खाली झुकवलेला, ॲपर्चर पूर्ण उघडं, आणि मध्यावर तीन-चार मीटरवरच्या गवतावर फोकस. घरी आल्यावर तो फोटो गिम्पसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एज डिटेक्टचा फिल्टर लावा. जिथे गवत फोकसमध्ये आहे तिथे पांढऱ्या रेषांचा पट्टा उमटतो. पट्टा सरळ आडवा असेल तर फील्ड सपाट. दोन्ही टोकं खाली वळलेली असतील तर कडा कॅमेऱ्याकडे येताहेत, वर वळलेली असतील तर लांब जाताहेत. कॅमेरा आडव्या दिशेत समतल असूनही पट्टा एका बाजूला कललेला असेल, तर मात्र शेवटच्या भागातली चाचणी घ्यावी लागेल. एवढ्या रुंद लेन्सला जवळच्या गवतावरही फोकसची खोली बरीच मिळते, म्हणून पट्टा जाड येतो. फोकस आणखी जवळ आणला की तो बारीक होतो. १०, १४ आणि १८ मिमीवर वेगवेगळं करून बघा, आकार बदलतो.

एकदा आकार कळला की तो वापरता येतो. कडा जवळ येणारी लेन्स असेल तर पुढे फुलं-दगड आणि मागे डोंगर या रचनेला ती सोयीची, कारण खालच्या कोपऱ्यातलं गवत आपसूक फोकसच्या जवळ जातं. तीच लेन्स कोकणकड्यावरून किंवा गच्चीवरून शहराच्या आडव्या रांगेवर लावली, सगळंच अनंतावर, की कडा मार खातात. अशा वेळी मध्यावर फोकस करू नका. मध्य आणि कोपरा यांच्या अधेमधे एक जागा निवडा, लाइव्ह व्ह्यूमध्ये तिथे मोठं करून फोकस करा आणि एफ/८ ठेवा. मध्याचा जरासा तोटा एफ/८ भरून काढतं आणि कोपऱ्यांना पुष्कळ मिळतं. डीएसएलआर असेल तर हे काम व्ह्यूफाइंडरच्या ऑटोफोकसवर सोपवू नका. १० मिमीवर लांबचं झाड सेन्सरवर इतकं बारीक पडतं की फोकस पॉइंटला धड धरायलाच काही मिळत नाही.

माखलेली पानं

सुरुवातीला 'माखल्यासारखी' म्हटलं, त्याचं उत्तर बरेचदा लेन्सच्या पुढच्या टप्प्यात, कॅमेऱ्याच्या जेपीईजीमध्ये सापडतं.

कोपऱ्यांत उजेड कमी पोचतो. किरण जितका तिरका तितका प्रकाश घटतो, आणि साध्या गणिताने तो कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. १० मिमीवर कोपरा मध्यापासून ५३ अंशांवर असतो. गणित तिथे मध्याच्या आठव्या हिश्शाएवढाच उजेड सांगतं, म्हणजे तीन स्टॉप कमी (एका स्टॉपला उजेड निम्मा). प्रत्यक्षात लेन्सची रचना यातला बराच भाग सावरते, तरीही काळपटपणा उरतो. मग कॅमेऱ्यातलं पेरिफेरल इल्युमिनेशन करेक्शन कोपरे उजळवतं. उजळवणं म्हणजे तेवढा नॉइज (दाणेदारपणा) वाढवणं. आयएसओ ८०० वर काढलेल्या फोटोचा कोपरा दोन स्टॉपने उचलला तर तो ३२०० सारखा दिसतो. त्यावर नॉइज रिडक्शन चालतं, आणि पानांच्या शिरा व नॉइज यांतला फरक त्याला कळत नाही. दोन्ही पुसलं जातं.

तपासायला रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घ्या, नॉइज रिडक्शन शून्यावर आणा आणि तोच कोपरा बघा. दाणेदार पण तपशील असलेला दिसला तर लेन्स ठीक आहे. बेस आयएसओ आणि ट्रायपॉड हाच इलाज. दाणेही आणि धूसरपणाही असेल तर पुढे तपासा.

रॉ उघडल्यावर मिररलेसच्या काही अल्ट्रा-वाइड लेन्सचे कोपरे काळे किंवा बाहेर फुगलेले दिसतात, त्याने घाबरू नका. त्या लेन्सचं डिस्टॉर्शन (रेषांचा वाकडेपणा) सॉफ्टवेअरने सरळ करायचं हे आधीपासूनच धरलेलं असतं. पण सरळ करताना कोपरे ताणले जातात आणि ताणलेल्या भागात नवा तपशील कुठून येणार?

ताणलेलं म्हणजे धूसर नव्हे

सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर कडेच्या वस्तू पसराव्याच लागतात, त्यातून कुठल्याच लेन्सची सुटका नाही. १० मिमीवर कोपऱ्यातली वस्तू मध्याच्या तुलनेत बाहेरच्या दिशेने जवळपास २.८ पट ताणली जाते, त्याला काटकोनातल्या दिशेने साधारण १.७ पट. १८ मिमीवर बाहेरचा ताण दीडपटीच्या थोडा वर राहतो. लग्नातल्या ग्रुप फोटोत कडेला उभ्या राहिलेल्या मावशी रुंद दिसतात त्या यामुळे, आणि त्यांचा राग रास्त आहे. माणसं असतील तर मागे सरका, १६-१८ वर या, आणि कोणालाही फ्रेमच्या बाहेरच्या पाव भागात उभं करू नका. नंतर दुरुस्त करायचं तर डीएक्सओ व्ह्यूपॉइंट या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी सोय आहे, पण ती चेहरे सावरताना मागच्या भिंतीच्या रेषा वाकवते.

इमारतींत हेच दुप्पट होतं. सीएसएमटीच्या समोरच्या फुटपाथवरून कॅमेरा वर उचलून फोटो काढला की बुरुज आत कलतात. मग सॉफ्टवेअरमध्ये ते उभे केले जातात, आणि आधीच ताणलेले वरचे दोन कोपरे आणखी ओढले जातात. वरचे कोपरे सॉफ्ट आल्याच्या कित्येक तक्रारींचं मूळ इतकंच असतं. कॅमेरा समतल ठेवून काढा आणि खालचा जादा रस्ता नंतर कापून टाका. मेगापिक्सेल जातात, पण इमारतीचे कोपरे वाचतात.

पाऊस आणि फिल्टर

धूसर डाग एकाच ट्रेकच्या फोटोंत असेल, पुसल्यावर जागा बदलत असेल, तर तो पाण्याचा थेंब आहे. इतक्या कमी फोकल लेंग्थला पुढच्या काचेवरचा थेंबही फोटोत उमटतो, एफ/१६ वर तर जास्तच. एसी गाडीतून थेट पावसाळी हवेत कॅमेरा काढला तर पुढची काच धुक्याने भरते आणि पुसूनही पुन्हा भरते. घाटात पोचायच्या आधीच एसी बंद करा. डाग वर्षभर एकाच जागी असेल आणि टॉर्च मारल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसत असतील तर ती बुरशी. ती घरी उघडून साफ करायच्या फंदात पडू नका.

लेन्सच्या पुढे लावायच्या काचेच्या फिल्टरबद्दल एवढंच: काढा आणि तोच फोटो पुन्हा घ्या. यूव्ही फिल्टरवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) चढवला की कोपऱ्यात काळी कड येते. आणि यूव्हीची काच नीट सपाट नसेल तर तिरक्या किरणांना ती सर्वांत जास्त नडते, म्हणजे परत कोपरेच.

एकच कोपरा, प्रत्येक फोटोत

इथवरचं सगळं तपासून झालं आणि तरी, समजा, वरचा उजवा कोपराच नेहमी धूसर येतोय. आता लेन्सवर संशय घ्यायला जागा आहे. आतला एखादा भिंगगट मध्यापासून सरकलेला किंवा कललेला असू शकतो, लेन्स पडली असेल तर जास्तच.

यासाठी विटांच्या भिंतीचा फोटो काढायची प्रथा आहे. मला ती पटत नाही. जवळच्या भिंतीवर फील्ड कर्व्हेचर वेगळं वागतं आणि तुमचे फोटो तर डोंगरांचे असतात. त्याऐवजी गच्चीवर जा. शंभर मीटरच्या पलीकडचं, बारीक तपशील असलेलं एक लक्ष्य निवडा: पाट्या, जाळ्या, अँटेना असलेली इमारत चांगली. वेळ सकाळची, कारण दुपारी तापलेल्या गच्चीवर हवाच थरथरते आणि सगळं धूसर दिसतं. ट्रायपॉड, १० मिमी, एफ/४.५, आयएस बंद, दोन सेकंदांचा टायमर. लक्ष्य मध्यावर घेऊन लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून फोकस करा आणि एमएफ करा. आता फोकसला हात न लावता ट्रायपॉडचं डोकं फिरवून तेच लक्ष्य आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा आणि प्रत्येक वेळी फोटो घ्या. चारही कोपऱ्यांत वस्तू तीच आणि अंतर तेच, त्यामुळे आता सबब उरत नाही.

चारही तुकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. चारही सारखेच सॉफ्ट असतील तर तो या लेन्सचा स्वभाव आहे, बिघाड नाही. बदलून आणलेली लेन्सही तशीच निघेल. एक कोपरा किंवा एकच बाजू डोळ्यात भरण्याइतकी वाईट असेल, तर लक्ष्य त्याच कोपऱ्यात ठेवून तिथे नव्याने फोकस करा. त्याने तो इतरांइतका स्पष्ट झाला तर काहीतरी कललेलं आहे: भिंग, माउंट (लेन्स बॉडीला जोडणारी कडी) किंवा सेन्सर. काही केल्या होत नसेल तर भिंग सरकलेलं असण्याचा संभव जास्त. १४ आणि १८ मिमीवर पुन्हा करा, कारण दोष कधीकधी झूमच्या एकाच टोकाला दिसतो. आणि सगळ्यांत शेवटी त्याच बॉडीवर दुसरी लेन्स लावून बघा. तिचाही तोच कोपरा बिघडला तर प्रश्न बॉडीचा आहे.

अगदी काटेकोर पाहिलं तर थोडाफार फरक प्रत्येक झूममध्ये सापडतो. एफ/८ वर, ज्या आकाराचं प्रिंट तुम्ही काढता त्या आकारात तो दिसत नसेल तर मी तरी लेन्स उघडू देणार नाही. उघडून जुळवलेली झूम एका टोकाला सुधारते आणि दुसऱ्या टोकाला बिघडते, असंही होतं.

दिसत असेल तर दुकानाची बदलून द्यायची मुदत आधी बघा, सर्व्हिस सेंटर नंतर. तिकडे जायची वेळ आलीच तर लेन्ससोबत बॉडीही द्या आणि चारही कोपऱ्यांच्या रॉ फाइल पेन ड्राइव्हवर द्या, मोबाइलवरचे स्क्रीनशॉट नकोत. फॉर्मवर 'फोटो धूसर येतो' असं मोघम लिहू नका. '१० मिमी, एफ/४.५, अनंतावर फोकस, वरचा उजवा कोपरा' असं लिहा. लेन्स परत आल्यावर त्याच गच्चीवरून त्याच इमारतीवर पुन्हा चाचणी घ्या आणि तोपर्यंत जुन्या फाइल पुसू नका.